वर्ग रिकामा दिसला, तर आनंद माना

(नवघर, भाईंदर पूर्व येथे जानेवारीत झालेल्या हितचिंतकांच्या मेळाव्यात शिक्षणकार्याच्या प्रमुखांनी केलेले निवेदन)



नाताळ झाला, नवे वर्ष लागले. शाळेचे वर्ष मात्र आता मध्यावर आले आहे. म्हणून काय झाले आणि काय राहिले, ते तुमच्यापुढे मांडतो.

भातकापणी आटोपली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची वारली आणि कातकरी कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात. कुणी वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जाते, कुणी आपल्या भाईंदरच्या मिठागरांवर, कुणी बांधकामांवर. पुष्कळांनी आधीच उचल घेतलेली असते. ती फेडायला बिऱ्हाड बांधून निघावेच लागते. मूल मागे कुणाजवळ ठेवणार? तेही येते, धाकट्याला कडेवर घेऊन. त्याचे नाव गावच्या शाळेच्या पटावर राहते आणि इथे ते कुठल्याच पटावर नसते. काही घरे होळीला परततात, बाकीची पावसाच्या तोंडावर.

या मुलांसाठी आपण सकाळचा वर्ग चालवतो. त्याबद्दल मला एक चूक कबूल करायची आहे.

मागच्या हिवाळ्यात आपला वर्ग भरलेला होता. मुले पाढे म्हणत, खिचडी खात. फोटो सुंदर आले, आपण ते छापले. पावसाळ्यात मी मोखाड्याकडे त्यांच्या पाड्यावर गेलो. आपल्याकडे न चुकता येणारी एक मुलगी शाळेच्या वेळी घरीच बसली होती. मी विचारले, तर म्हणाली, “गुरुजी विचारतील, इतके दिवस कुठं होतीस.” ती इथे वाचायला शिकली होती, पण गावच्या शाळेच्या लेखी ती महिनोन्‌महिने गैरहजर होती. तिच्या हाती आम्ही साधा कागदही दिला नव्हता. यात दोष गुरुजींचा नव्हता, तिच्या आईबापांचाही नव्हता. तो आमचा होता.

खरे तर कायदा या मुलांच्या बाजूचा आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१०पासून लागू झालेला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला वयाप्रमाणे वर्ग मिळाला पाहिजे. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे ही स्थानिक प्रशासनाची जबाबदारी आहे. दाखला यायला उशीर झाला किंवा जन्माचा पुरावा नाही, एवढ्यावरून प्रवेश नाकारता येत नाही.

म्हणून यंदा आपण दिशा बदलली. सकाळी आपल्या वर्गात तयारी करून घ्यायची आणि मग मुलांना महापालिकेच्या शाळेत पोहोचवायचे. प्रत्येकाची एक वही केली आहे. गाव, शाळा, इयत्ता, इथे आल्याची तारीख आणि आज काय वाचता येते, हे तिच्यात लिहिलेले असते. त्या पानाचा फोटो गावच्या शिक्षकांना फोनवर जातो.

अडचण उरली ती मोठ्या बहिणींची. धाकटे भावंड सांभाळायचे म्हणून त्या येत नाहीत. हे दुखणे नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकाच ठिकाणी आणली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात नेली. १९९०च्या दशकात विधायक संसदेने वसई भागात वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या, त्याही याच विचाराने. आपल्याला नवे काही शोधायचे नाही. धाकट्यांसाठी एक खोली आणि त्यांना सांभाळणारी एक बाई, एवढेच हवे आहे.

तेव्हा तुमच्याकडे तीन मागण्या आहेत. दप्तरे आणि ब्लँकेटे तुम्ही भरभरून दिलीत, त्याबद्दल आभार. आता त्या खोलीच्या भाड्याला हातभार लावा. ज्यांना सकाळी तासभर मोकळा मिळतो, त्यांनी मुलांचा हात धरून त्यांना रस्ता ओलांडून द्यावा. आणि तुमच्या इमारतीशेजारी बांधकाम चालू असेल, तर तिथे मुले आहेत का, तेवढे पाहून आम्हाला कळवा.

होळी फार लांब नाही. पहिली कुटुंबे निघतील तेव्हा एकही मूल वहीशिवाय जाता कामा नये. जूनमध्ये मी पुन्हा पाड्यांवर जाणार आहे, त्या मुलीकडेही. जे दिसेल, ते बरे असो वा वाईट, याच पानांवर कळवीन.

तोवर कधी आपल्या वर्गात डोकावलात आणि तो रिकामा दिसला, तर पैसे वाया गेले असे समजू नका. मुले शाळेत गेलेली असतील. त्यांच्यासाठी प्रार्थना करा.