भांड्यावर नाव कुणाचं?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



सोबत माझ्या आईचा पितळी डबा आणलाय. हातोहात फिरवा आणि त्यावरची अक्षरं वाचा. मामांचं नाव आहे, ‘यांजकडून भेट’ आहे, आणि आईचं लग्नात बदललेलं नाव आहे. ज्या नावानं ती एकोणीस वर्षं वाढली, ते कुठंच नाही. भांडी आठवण जपतात, असं आपण म्हणतो. पण कुणाची?

हीच भांडी रुखवतात मांडतात. ‘आम्ही काही मागितलं नाही, तुमच्या हौसेनं द्या,’ असं म्हणणारेच ती मोजतात. १९६१ च्या कायद्यानं हुंडा मागणं गुन्हा ठरवलं. हौसेच्या नावाखालचा दबाव मात्र टेबलावर सजवून मांडलेला असतो.

पुढं घर सोडायची वेळ आली, की बाई हात हलवत बाहेर पडते. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, स्त्रीधन तिचंच. सासरी ठेवल्यानं ते सासरचं होत नाही. त्याच वर्षीच्या नियमांप्रमाणे वधूनं तिला मिळालेल्या भेटींची यादी, देणाऱ्यांच्या नावांसकट, ठेवायची असते. त्यावर वधूवर दोघांच्या सह्या हव्यात. आपल्यापैकी कितीजणींच्या लग्नात अशी यादी झाली?

मध्यंतरी वस्तीतल्या बायकांना आम्ही म्हटलं, तुमच्या मनातलं भांडं कागदावर काढा. एकीनं चार कप्प्यांचा जेवणाचा डबा काढला. एका कप्प्यावर स्वतःचं माहेरचं नाव, मग आईचं, मग आजीचं. पणजीचं नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. चौथा कप्पा तिनं कोराच ठेवला. दुसरीनं बुडाला भोक असलेली वाटी काढली. म्हणाली, ‘ही सगळ्यांच्या मागून जेवणारीची. कितीही वाढा, रिकामीच.’

‘असल्या वाटीचा उपयोग काय?’ एका कार्यकर्तीनं विचारलं. जेवायला तर नाहीच. पण ते चित्र घरी भिंतीवर लागलं आणि सासूबाई म्हणाल्या, ‘ही तर माझी वाटी.’ त्या दोघींत हे बोलणं पहिल्यांदाच झालं.

तेव्हा एक काम करू या. येत्या लगीनसराईत एका तरी भांड्यावर मुलीचं जन्माचं नाव, आईच्या नावासकट, कोरून घ्या. कोरणारा विचारील, ‘सौ. घालू ना?’ नको म्हणा. त्याच दिवशी यादी करून दोघांच्या सह्या घ्या. भांडी कुठंही राहोत, यादी मात्र मुलीपाशीच राहू द्या.