विश्वामित्रीचा काठ आणि शाळेची वही



ज्यांच्या स्मरणार्थ आपण सुभानपुऱ्यात जमलो आहोत, ते गुरुजी भूगोल वर्गाबाहेर शिकवीत. म्हणून आज नदीविषयीच बोलतो.

पावागडच्या डोंगरात उगम पावणारी विश्वामित्री आपल्या शहराच्या मध्यातून वाहत जाऊन ढाढर नदीला मिळते. ऑगस्ट 2024 च्या पुरात तिचे पाणी घरांत शिरले आणि पाण्याबरोबर मगरीही रस्त्यांवर आल्या. 2025 च्या पावसाळ्यापूर्वी पात्र खोल व रुंद करण्यात आले. पूर ओसरावा ही इच्छा माझीही आहे. माझ्याही घरात चिखल होता. परंतु काठ म्हणजे केवळ पाण्याची वाट नव्हे.

मगर साधारणतः फेब्रुवारी ते एप्रिल या काळात काठच्या मातीत खड्डा करून अंडी घालते. पिलू नर होणार की मादी, हे घरट्यातील उष्णतेवर ठरते. काठावर काँक्रीट आले, तर ती अंडी घालणार कुठे? आणि आपल्या सोसायट्यांमागील ज्या ओहोळांना आपण ‘कांस’ म्हणतो, ते बुजवल्यावर पावसाचे पाणी तरी जाणार कुठे?

येथे एक कबुली देतो. शिक्षक असताना मी मुलांकडून एका कांसेच्या काठी गुलमोहर लावून घेतले. छायाचित्रे निघाली, भाषणे झाली. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. आणि आम्ही रोपांसाठी उपटून टाकले होते ते गवत काठाची माती धरून होते! पुढच्याच पावसाळ्यात काठ ढासळला. करंज, जांभूळ, देशी बाभूळ ही आपली झाडे मला माहीत होती. गुलमोहर मात्र फुकट मिळाले होते.

तेव्हा शाळांनी एका दिवसाचे वृक्षारोपण करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एका शाळेने नदीचा वा कांसेचा एकच तुकडा घ्यावा आणि वर्षभर नोंदवही ठेवावी: पाण्याची उंची, रंग, वास, पक्षी, कोणते रोप आपणहून उगवले, कचरा कोठून आला. काय लावायचे, काय तसेच ठेवायचे, ते या नोंदींवरून ठरवावे. नोंदींची प्रत महानगरपालिकेला द्यावी व पोच मागावी. (पोच मागायला मुलांना अवश्य शिकवा.)

मुलांनी काठावर मात्र उतरू नये, पुलावरूनच पाहावे. थंडीत मगरी सकाळी उन्हाला येतात. येत्या रविवारी साडेआठ वाजता मी काळाघोडा पुलावर उभा असेन. इयत्ता आठवीच्या मुलांनी वही आणि पेन्सिल आणावी.