लहान पक्षाचें मत वायां जात नाहीं

विधानसभेंत निम्म्याहून अधिक जागा ज्यांच्या, त्यांचें राज्य. मग लहान पक्षाला दिलेलें मत वायां गेलें काय? आम्ही म्हणतों, नाहीं. आपल्याच जिल्ह्यांतील सांगोल्याकडे पहा. तेथील रयतेनें शेतकरी कामगार पक्षाच्या गणपतराव देशमुखांना १९६२ ते २०१४ या काळांत ११ वेळां निवडून दिलें. १९७२ व १९९५ सालीं पाडलेंहि. बहुतेक वर्षें ते विरोधी बाकांवरच होते. पण १९७८ सालीं कोणालाच बहुमत मिळालें नाहीं, तेव्हां लहान पक्षांचींहि डोकीं मोजावीं लागलीं आणि गणपतराव मंत्री झाले. म्हणून पक्षाचा आकार पाहूं नका, उमेदवाराची जात तर मुळींच नको. पाण्याचा, मालाच्या भावाचा, मजुरीचा हिशेब मागा. जो देणार नाहीं, त्याला पुढच्या निवडणुकींत घरीं बसवा. न ओढणारा बैल आपण दावणीला ठेवतों काय?