कडब्याचा भाव

कडबा शेकड्यावर विकला जातो; पण पेंढी केवढी, याला माप नाही. पेंढी बारीक झाली, की भाव न चढताही कडबा महागतो. शहादे-तळोद्याकडे ज्वारीच्या रानात ऊस-कापूस आला, तसा कडबाही आटला. सुगीत अडलेला शेतकरी तो विकतो. वैशाखात ज्याची गंजी, त्याचाच भाव. भूमिहीन मजुराला साठवण परवडत नाही. चारा महागला की तो गाय बाजारात नेतो. तेव्हा सगळेच विकत असतात, म्हणून ती मातीमोल जाते. 1972 साली शहाद्यात श्रमिक संघटना जमीन-मजुरीसाठी उभी राहिली. चाऱ्याचा प्रश्न त्याच घरचा आहे. वाढलेली मजुरी गंजीवाल्याकडे गेली, तर आम्ही मिळवले काय? म्हणून आमचे मागणे : कडबा वजनावर विकावा, आणि गावाने सुगीतच सामाईक गंजी रचावी.