एका रोगाची ओळख



एकच चोर दहा गावांत दहा नावांनी नोंदला गेला, तर तो एकच आहे हे फौजदाराला कळावे कसे? युगांडातील मुलांच्या एका कर्करोगाचे असेच झाले होते. जबड्यातील गाठ एका सदरात, डोळ्यातील दुसऱ्या, मूत्रपिंडातील तिसऱ्या. नोंदी अवयववार होत्या. रोग मात्र अवयव पाहून चालत नव्हता.

१९५७ साली कंपालाच्या मुलागो इस्पितळात डॉ. ह्यू ट्रोवेल यांनी डेनिस बर्किट या आयरिश शल्यविशारदाला एक मुलगा दाखविला. वरच्या आणि खालच्या जबड्याच्या दोन्ही बाजू, म्हणजे चारही कोपरे सुजलेले. अर्बुद म्हणावे, तर एकदम चार ठिकाणी कसे? काही आठवड्यांनी जिंजाच्या इस्पितळात त्यांना तशाच चेहऱ्याची मुलगी दिसली. तिच्या पोटातही गाठी होत्या! बर्किटांना बालपणापासून एकच डोळा. पण त्या दिवशी दोन डोळ्यांच्या कित्येकांना न दिसलेले त्यांना दिसले. त्यांनी जुनी दप्तरे उपसली, तेव्हा जबड्याच्या आणि पोटाच्या गाठी एकाच मुलात पुन:पुन्हा आढळू लागल्या.

१९५८ च्या आपल्या निबंधात त्यांनी या रोगाला 'सार्कोमा'च म्हटले. त्याचे खरे कूळ सांगितले ते सूक्ष्मदर्शकाने. ओ'कॉनर आणि डेव्हिस या विकृतिशास्त्रज्ञांनी १९६०-६१ च्या सुमारास दाखविले, की हा लसिकापेशींचा रोग, लिम्फोमा आहे.

मग १९६१ मध्ये बर्किट दोन डॉक्टर मित्रांसह जुन्या मोटारीतून सुमारे दहा हजार मैल हिंडले. गावोगावच्या इस्पितळांत एकच विचारणा: असे मूल पाहिले का? थंड डोंगराळ मुलखात नाही. उष्ण, पावसाळी, मलेरियाच्या मुलखात होय. त्याच वर्षी लंडनमधील त्यांचे व्याख्यान ऐकून एप्स्टाइन कामाला लागले, आणि १९६४ मध्ये त्यांना, अचाँग व बार यांना या अर्बुदाच्या पेशींत एक नवा विषाणू सापडला. १९८२ पर्यंत शोध आठव्या गुणसूत्रावरील 'मिक' जनुकाच्या स्थलांतरापर्यंत पोचला. इतरत्र विरळाच आढळणारी अशी अर्बुदेही त्या खुणेने याच कुळात बसली.

ही नावांची उठाठेव कशासाठी, असे कोणी विचारील. अहो, जबडा कापून हा रोग जात नव्हता. तो सर्वांगाचा होता. बर्किट स्वतः शस्त्रवैद्य, पण त्यांनी सुरी बाजूला ठेवून मेथोट्रेक्सेट, सायक्लोफॉस्फमाइड ही औषधे दिली. थोड्याच दिवसांत गाठी विरघळू लागल्या, आणि काही मुले तर अगदी मोजक्या मात्रांत कायमची बरी होऊन घरी गेली.