पाटीवर न येणारा खर्च

(रुग्णालयाच्या देणगीदार मेळाव्यात निधीसंकलन समितीच्या निमंत्रकांनी केलेले भाषण)



आपल्या रुग्णालयात दहा यंत्रांचा डायलिसिस विभाग सुरू करण्याचा संकल्प विश्वस्त मंडळाने केला आहे. त्यासाठी आवाहनपत्र आपल्या हाती देण्यापूर्वी या मोहिमेची आखणी कोणत्या विचाराने केली, हे सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका संस्थेच्या निधी समितीवर होतो. आम्ही उत्साहाने तीन डायलिसिस यंत्रांची रक्कम जमविली, थाटाने लोकार्पण केले, देणगीदारांच्या नावांच्या पाट्या लावल्या. त्यानंतर सात महिने ती यंत्रे झाकून ठेवावी लागली. जलशुद्धीकरणाची यंत्रणा आणि तंत्रज्ञांचे वेतन यांचा विचारच आम्ही केला नव्हता. दोष देणगीदारांचा नव्हता. आम्ही मागितले तेवढे त्यांनी दिले. आम्हीच अपुरे मागितले.

म्हणून या वेळी यंत्राच्या किमतीपासून नव्हे, तर रुग्णाच्या गरजेपासून आम्ही हिशेबाला प्रारंभ केला. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला साधारणतः आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास डायलिसिस घ्यावे लागते. म्हणजे वर्षाला १५६ सत्रे. प्रत्येक सत्राला सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी लागते. आठवड्याचे सहा दिवस, दोन पाळ्यांत चालणारे एक यंत्र चार रुग्णांना पुरते. दहा यंत्रे चाळीस रुग्णांना पुरतील आणि वर्षाला ६,२४० सत्रे होतील. प्रत्यारोपण न झाल्यास हा उपचार आयुष्यभर चालतो. पैसे संपले म्हणून इमारतीचे बांधकाम वर्षभर थांबविता येते. डायलिसिस मात्र आठवडाभरही थांबविता येत नाही.

उदाहरणादाखल एका सत्राचा खर्च १,५०० रुपये धरू. एका रुग्णाचा वार्षिक खर्च २,३४,००० रुपये होईल. सात टक्के दराने तेवढे व्याज मिळावयाचे, तर सुमारे साडेतेहतीस लाख रुपयांचा कायम निधी हवा, आणि तोही एकाच रुग्णासाठी. यावरून स्पष्ट होते की, उभारणीसाठी एकरकमी देणगी आणि चालविण्यासाठी दरवर्षीचे वचन, अशा दोन्ही प्रकारच्या साहाय्याची आपल्याला गरज आहे.

महाराष्ट्राला या दोन्ही वाटा परिचित आहेत. महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांचे दान दिले. त्याआधी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना मांडली होती. प्रत्येकाने वर्षाला केवळ एक पैसा द्यावा, एवढीच तिची मागणी. या फंडातून तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये काच कारखाना उभा राहिला. मोठ्या दानाने संस्थेला बळ मिळते. लहान पण नियमित दानाने तिला माणसे मिळतात.

आमचा क्रम असा आहे. प्रथम विश्वस्त व समिती सदस्य आपले दान देतील. स्वतः न देता दुसऱ्याच्या दारी जाणे योग्य नव्हे. नंतर जुन्या देणगीदारांची व्यक्तिशः भेट घेऊ आणि सर्वांत शेवटी जाहीर आवाहन करू. वचनाची रक्कम प्रत्यक्ष बँकेत जमा झाल्याखेरीज ती जमेत धरली जाणार नाही. या निधीचे खाते स्वतंत्र राहील. कायम निधीसाठी देणगीदाराचे तसे लेखी पत्र घेतले जाईल. जमलेली रक्कम, झालेला खर्च आणि पूर्ण झालेली सत्रे दर तिमाहीस सूचनाफलकावर लावली जातील.

धर्मादाय रुग्णालय म्हणून निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के आणि दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी दहा टक्के खाटा राखून ठेवणे हे आपले कायदेशीर बंधन आहे. आपल्या देणग्या त्या बंधनाच्या जागी वापरल्या जाणार नाहीत. त्यापलीकडच्या सेवेसाठीच वापरल्या जातील.

विश्वस्त मंडळाने माझी एक विनंती मान्य केली आहे. पहिल्या तीन वर्षांच्या सत्रांच्या खर्चाची तरतूद झाल्याशिवाय विभागाचे उद्घाटन होणार नाही. त्यामुळे समारंभ कदाचित एक वर्ष पुढे जाईल. मला त्याचे वाईट वाटणार नाही. उपचार सुरू करून रुग्णाला दारातून परत पाठविण्यापेक्षा उशिरा दार उघडलेले बरे.

यंत्रावर आपल्या नावाची पाटी अवश्य लागेल. परंतु पाणी, वीज, औषधे आणि तंत्रज्ञांचे वेतन यांवर पाटी लावता येत नाही. त्या खर्चासाठीही कोणी पुढे यावे, एवढेच मागणे घेऊन मी आज आपल्यासमोर उभा आहे. घाईने वचन देऊ नये. घरी विचार करावा, आणि तीन वर्षे पाळता येईल तेवढेच द्यावे.