उद्दिष्ट कोणी कोणास विचारावे?



सप्टेंबर २००० मध्ये न्यूयॉर्क येथे राष्ट्राराष्ट्रांचे प्रमुख एकत्र आले आणि त्यांनी सहस्रकाचा जाहीरनामा संमत केला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १ नोव्हेंबर रोजी, मध्य प्रदेशापासून अलग होऊन छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले व रायपूर त्याची राजधानी झाले. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. परंतु जाहीरनाम्यातून पुढे जी उद्दिष्टे सिद्ध झाली, त्यांची खरी कसोटी अशाच प्रदेशात लागावयाची होती. १९९० ते २०१५ या काळात आत्यंतिक दारिद्र्याचे प्रमाण निम्म्यावर आणावयाचे, पाच वर्षांखालील बालकांचे मृत्यू दोन-तृतीयांशाने आणि मातांचे मृत्यू तीन-चतुर्थांशाने घटवावयाचे, असा तो संकल्प होता. भाताचे कोठार म्हणून लौकिक असलेला हा मुलूख. पण येथील कुटुंबेच्या कुटुंबे सुगी संपताच पोटासाठी परमुलखाची वाट धरीत. बालमृत्यूचे प्रमाण तेव्हा हजार जन्मांमागे ऐंशीच्या जवळपास होते.

असा संकल्प पहिलाच होता असे मात्र नव्हे. १९७८ साली अल्मा-आटा येथील परिषदेने सन २००० पर्यंत सर्वांना आरोग्य देण्याची घोषणा केली होती. प्राथमिक आरोग्यसेवेत लोकांचा स्वतःचा सहभाग असावा, हा तिचा गाभा. महाराष्ट्रात जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच करून दाखविले होते. खेड्यातील अल्पशिक्षित, पुष्कळदा निरक्षर स्त्रिया तेथे आरोग्यसेविका झाल्या. परंतु अल्मा-आटाचा तो गाभा लवकरच बाजूस पडला व मोजक्या रोगांविरुद्धच्या मोजक्या मोहिमा तेवढ्या उरल्या. सन २००० उजाडले, आणि जुने वचन पुरे होण्याऐवजी नवे वचन पुढे आले.

छत्तीसगढात २००२ साली सुरू झालेली मितानिन योजना या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. ‘मितान’ बदणे ही या प्रदेशातील जुनी रीत होय. विधिपूर्वक जोडलेले हे सख्य जन्मभर पाळावयाचे असते व ते जातीपातीच्या पलीकडेही जोडले जाते. आरोग्यसेविकेस हे नाव देण्यात मोठे औचित्य होते. मितानिन गावास एक नव्हे, तर पाऱ्यास एक. ‘पारा’ म्हणजे गावातील वस्ती. निवड पाऱ्यातील लोकांनी करावयाची, शिक्षणाची अट नाही, आणि प्रारंभी मानधनही नाही. नव्या नवसाच्या या राज्याने काही वर्षांतच सुमारे साठ हजार स्त्रियांना या कामी उभे केले. २००५ साली केंद्र सरकारने ‘आशा’ ही योजना आखली तेव्हा हाच अनुभव तिच्या पुढे होता. विनामूल्य श्रम गरीब बाईकडूनच का घ्यावयाचे, हा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला आणि तो रास्तच होता. पुढे कामागणिक मोबदला मिळू लागला. पण त्याबरोबर ती पाऱ्याची सखी की खात्याची सर्वांत खालची नोकर, असा दुसरा पेच निर्माण झाला.

२०१५ साली राज्यातील बालमृत्यूचे प्रमाण हजारी ४१ वर आले होते. याचे श्रेय एकट्या मितानिनीचे नव्हे. रुग्णालयातील बाळंतपणे वाढली. २००४ साली शिधावाटपाची दुकाने खाजगी व्यापाऱ्यांकडून काढून पंचायती, सहकारी संस्था व महिला-गटांकडे दिली गेली, आणि २०१२ साली, केंद्राच्याही आधी, राज्याने अन्नसुरक्षेचा कायदा केला. पोटात अन्न असणे हे आरोग्याचे पहिले साधन होय, हे वेगळे सांगावयास नको.

पण त्याच्या आदल्याच वर्षी जे घडले ते विसरून चालणार नाही. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी बिलासपूर जिल्ह्यात, वापरात नसलेल्या एका रुग्णालयाच्या इमारतीत, एका शल्यविशारदाने काही तासांत ८३ स्त्रियांवर नसबंदीची शस्त्रक्रिया केली. त्या व त्यामागोमागच्या शिबिरांनंतर तेरा स्त्रिया मृत्यू पावल्या. दोष औषधांचा की शस्त्रक्रियेतील हयगयीचा, यावर बराच वाद झाला. परंतु ८३ हा आकडा आला कोठून? कुटुंबनियोजनाची ठरावीक लक्ष्ये तर सरकारने १९९६ सालीच अधिकृतपणे रद्द केली होती. कागदावरून गेलेले लक्ष्य कचेऱ्यांच्या अंगवळणी तसेच राहिले होते. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला.

राष्ट्रांनी जगापुढे दिलेले वचन हे वास्तविक गरिबाने सरकारकडून वसूल करावयाचे येणे होय. राजधानी, जिल्हा, तालुका अशा पायऱ्या उतरताना ते उलटे होते आणि सरकारने गरिबाकडून वसूल करावयाचा सारा होऊन बसते. शब्द मात्र तोच राहतो.

आकड्याचाच दुसरा एक उपयोग छत्तीसगढच्या सीमेस लागून असलेल्या गडचिरोलीत दिसला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी तेथील ३९ गावांत खेड्यातील स्त्रियांना नवजात बालकांची घरीच देखभाल करण्यास शिकविले. जन्म व मृत्यू त्यांनी घरोघर जाऊन मोजले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. पुढे २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने महाराष्ट्रातील कितीतरी बालमृत्यू सरकारी दप्तरात चढतच नाहीत, हे दाखविले. येथे मोजणी खालून वर जात होती व ती अधिकाऱ्यांना अडचणीत टाकीत होती.

२०१५ नंतरच्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांनुसार २०३० पर्यंत मातामृत्यूचे जागतिक प्रमाण लाख जन्मांमागे सत्तरच्या खाली यावयाचे आहे. २०१८-२० या काळात छत्तीसगढात ते १३७ होते. सरासरीच्या या आकड्यात रायपूर शहर आणि अबूझमाडचा डोंगराळ मुलूख दोन्ही मिसळून गेलेले असतात. पाऱ्यातील मितानिनीस मात्र सरासरी ठाऊक नसते. कोणाची सून गेली, कोणत्या रात्री गेली आणि गाडी का आली नाही, हे तिला ठाऊक असते. गावाच्या आरोग्य समितीच्या बैठकीत ते तिने मोठ्याने सांगावे आणि उत्तर देण्यास तेथे कोणी अधिकारी हजर असावा.